भिशीची वही

माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीतल्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथल्या भिशीची. पहिल्या पानावर २५ नावं, दरमहा १०० रुपये, आणि कोणाचा नंबर कुठल्या महिन्यात लागला त्याच्या खुणा. शेवटून दुसऱ्या पानावर मात्र वेगळाच हिशेब आहे. ५० ओळी, प्रत्येक ओळीत तारीख, ५० रुपये आणि एक आखूड सही. सही मावशीची. पैसे देणाऱ्याचं नाव कुठेही नाही. तो मी.

मावशी सख्खी नव्हे, भिंतीपलीकडची. मूळची नगर जिल्ह्यातली, मराठी ख्रिस्ती, रेल्वेच्या हॉस्पिटलात नर्स. मोठी माणसं तिला 'सिस्टर' म्हणत, आम्ही पोरं मावशी. तिचं नाव इथे देत नाही, तिला ते खपलं नसतं. नाताळला तिच्याकडून करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट यायचं, ते थेट आमच्या दिवाळीसारखं. फक्त तिच्या करंजीत खोबरं जरा सढळ. तरी चाळीत नवं बिऱ्हाड आलं की कोणी ना कोणी विचारायचंच, "तुम्ही मूळच्या गोव्याच्या का हो?" ती म्हणायची, "राहुरीकडच्या." पुढे कधीतरी माझ्या वाचनात आलं, की सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने 'कल्लियाना' बंदरात ख्रिस्ती लोक आणि त्यांचा बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, आणि बरेच अभ्यासक ते बंदर म्हणजे आपलं कल्याणच मानतात. मी उत्साहाने जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. उद्या नळावर सांगते."

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. सहा महिन्यांत घरातला आवाजच बसला. मी त्याच जूनमध्ये बी.कॉम. झालो होतो आणि नोकरी नव्हती. भिशीचा हिशेब तोवर मावशीच ठेवायची, पण तिच्या ड्यूट्या पाळीच्या. नाइट लागली की पैसे गोळा करणं जमायचं नाही. एक दिवस तिने वही माझ्यापुढे टाकली. "बी.कॉम. झालास ना? हो मग खजिनदार." आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात 'खजिनदार' लिहून पुढे माझं नाव घातलं.

ते दिवस आखाताचे होते. गल्लीतला कोणीतरी मस्कतला, कोणीतरी दम्मामला. सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन यायचा आणि आठवडाभर अख्ख्या गल्लीला गाणी ऐकवायचा. व्हीटीजवळच्या एका इमारतीत, जिन्याखाली टेबल मांडून बसणाऱ्या एजंटाने मला कुवेतला स्टोअरकीपरची जागा आहे म्हणून सांगितलं. आगाऊ २,५०० भरायचे. ऑक्टोबरच्या भिशीचे बरोबर २,५०० माझ्याकडे होते. त्या महिन्याचा नंबर वरच्या मजल्यावरच्या एका बाईंचा, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं.

संपामुळे घरात पैसा नव्हता म्हणून मी ते उचलले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. घरात पैसा नव्हता हे खरं, पण ते पैसे घरात आलेच नाहीत. मला तिथून निसटायचं होतं, बस्स.

संध्याकाळी मी चाळीत येऊन सांगितलं, की सुट्ट्या नोटा मोडून मोठ्या घ्यायला स्टेशनकडे गेलो होतो, गर्दीत कोणीतरी पिशवी कापली. पिशवी दाखवलीही. ती मीच वडिलांच्या दाढीच्या ब्लेडने कापली होती. बाया हळहळल्या, कोणी मला चहा दिला. मग कोणाला तरी आठवलं, की आमच्याच चाळीतला एक मुलगा स्टेशनवर हमाली करतो आणि दुपारी तो तिथेच उभा होता. बघता बघता सगळे त्या मुलाबद्दल बोलू लागले. मी गप्प बसलो. चोरीपेक्षा हे गप्प बसणंच मला आजही जास्त टोचतं. एजंटाच्या टेबलाच्या जागी दोन आठवड्यांनी कुलूप दिसलं, ते सोडा.

मावशीने रात्री वही मागून घेतली. वहीत एजंटाची पावती राहिली होती.

तिने मला तीनदा विचारलं असं लिहिलं तर येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राच्या गोष्टीशी छान जुळेल. पण तिने एकदाच विचारलं. "पिशवी कोणी कापली?" मी म्हणालो, "मला काय माहीत?" ती "बरं" म्हणाली, साडी बदलली आणि नाइट ड्यूटीला गेली.

सकाळी ती परत आली ती तशीच युनिफॉर्ममध्ये चाळीच्या मधोमध उभी राहिली. म्हणाली, "भिशीचे पैसे संध्याकाळपर्यंत मिळतील. हमाली करणाऱ्या पोराचा यात काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. यापुढे मला कोणी काही विचारू नका." दुपारी तिने गळ्यातली साखळी सराफाकडे गहाण ठेवली. २,५०० म्हणजे तेव्हा तिचे दोन-अडीच पगार. आणि संध्याकाळी वही माझ्याकडे परत आली. पावती ज्या पानात होती त्याच पानात. 'खजिनदार' हा शब्दही तसाच.

"पुढच्या महिन्याचे पैसे पाच तारखेपर्यंत गोळा कर," ती म्हणाली. "उशीर नको."

मी शिव्यांची तयारी ठेवली होती, वडिलांना सांगेल याची ठेवली होती, पोलिसांचीसुद्धा. वही परत येईल याची तयारी नव्हती. पुढचे दोन महिने मी दारोदार फिरून शंभराच्या नोटा गोळा केल्या आणि प्रत्येक नोट हातात घेताना मला दरदरून घाम फुटायचा.

खूप नंतर मी योहानाचं शुभवर्तमान वाचलं. त्यात एक बारीक तपशील आहे, जो हिशेबाच्या माणसाच्या नजरेतून सुटणार नाही. येशूच्या बारा शिष्यांमध्ये पैशाची थैली होती यहूदाकडे, आणि तो त्यातले पैसे काढायचा असं योहान स्वच्छ सांगतो. म्हणजे ज्याने पुढे तीस नाण्यांना गुरू विकला, तो मंडळींचा खजिनदार होता. मी मावशीला विचारलं, "हे वाचलं होतंस म्हणून मला वही परत दिलीस का?" ती म्हणाली, "छे. चाळीत दुसरा कोणी बी.कॉम. नव्हता."

त्याच वर्षी डिसेंबरात मी तिला सगळं सांगितलं. ती स्टोव्हला पिन मारत होती. मान वर न करता ऐकत राहिली. मी म्हणालो, "नोकरी लागली की फेडीन. मगच माफ कर."

"माफ त्याच रात्री केलं. नाहीतर ड्यूटीवर हात थरथरला असता, कोणाचं तरी इंजेक्शन चुकलं असतं. पैसे मात्र दे. ते वेगळं खातं." मग थोड्या वेळाने, "आणि त्या पोराची माफी माग. ती द्यायचा मला अधिकार नाही."

मी त्या मुलाकडे गेलो. तीन नंबर प्लॅटफॉर्मवर, भर दुपारी. त्याने नीट ऐकून घेतलं आणि एक सणसणीत कानाखाली दिली. मग विचारलं, "सिस्टरला माहीत आहे?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग जा."

जून १९८४मध्ये मला डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स खात्यात नोकरी लागली. पहिल्या पगारापासून दरमहा ५० रुपये. शेवटचा, पन्नासावा हप्ता जुलै १९८८मध्ये. ती प्रत्येक वेळी पैसे मोजून घ्यायची, तारीख घालायची, सही करायची. "राहू दे रे" असं एकदाही म्हणाली नाही. तेव्हा मला त्याचं थोडं वाईट वाटायचं. आता वाटतं, तिने "राहू दे" म्हटलं असतं तर मी आयुष्यभर तिच्या दयेखाली दबून राहिलो असतो. व्याज मात्र ना तिने मागितलं, ना मला सुचलं. सराफाचं व्याज तिनेच भरलं होतं. हे लक्षात येईपर्यंत विचारायला ती उरली नव्हती.

तिच्या प्रार्थनेतला एक शब्द मी तिच्याच घरी प्रथम ऐकला. येशूने शिष्यांना शिकवलेली जी प्रार्थना जगभरचे ख्रिस्ती रोज म्हणतात, तिच्यात क्षमेची मागणी आहे. मावशीच्या मराठी बायबलात तिथे पाप किंवा अपराध हे शब्द नाहीत, 'ऋण' आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलं, तसं तू आम्हाला सोड, असा भाव. कॅथलिक मंडळींच्या तोंडी त्याच जागी अपराध येतो. येशू जी अरामी भाषा बोलायचा तिच्यात कर्ज आणि पाप या दोहोंना एकच शब्द होता, 'होबा'. मत्तयाने तो ग्रीकमध्ये नेताना कर्ज धरलं, लूकने पाप. जन्मभर येणे-देणे लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला मत्तय जवळचा वाटणारच; तो स्वतः जकातदार होता असं परंपरा सांगते.

क्षमेवरची सगळ्यात हिशेबी गोष्टही मत्तयानेच सांगितली आहे. एका राजाचा चाकर दहा हजार तालांत देणं लागत होता. राजाने ते सोडलं. चाकर बाहेर पडला, त्याला शंभर दीनार देणं असलेला सोबती भेटला, आणि याने त्याचं नरडं धरलं. मी आकडेमोड केली आहे. दीनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले तर २ लाख वर्षं. उलट सोबत्याचं देणं १०० दिवसांचं. प्रवचनांत शंभर दीनार म्हणजे किरकोळ रक्कम असं सांगतात, ते मला पटत नाही. महिन्याचे २५ दिवस धरले तर ती चार महिन्यांची मजुरी होते. चार महिने पगाराविना घर कसं चालतं ते संपात आम्ही बघितलंय. सोबत्याने खरोखरच नुकसान केलं होतं. गोष्ट त्यामुळेच अवघड आहे.

ती माझ्या अंगावर आली १९९८मध्ये.

१९९३ साली मी नोकरी सोडून एका मित्राबरोबर डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, सेल्स टॅक्स-इन्कम टॅक्सच्या कामाचं ऑफिस टाकलं. चाललंही बरं. १९९८च्या जानेवारीत बँकेचं पासबुक भरून आणताना कळलं, की भागीदारीच्या खात्यातून माझी सही गिरवून १,८०,००० रुपये काढले गेलेत. सही इतकी हुबेहूब, की क्षणभर मलाच वाटलं मी विसरलो असेन. मित्र भेटायचा बंद झाला. घरी गेलो तर दार उघडून त्याची आई म्हणाली, "तो बाहेरगावी गेलाय," आणि आतून त्याच्या खोकल्याचा आवाज आला.

माझे वकील ठाण्याचे. ९ एप्रिलला त्यांनी मला घरी बोलावलं, तक्रारीचा मसुदा तयार होता. "४२०, ४६७, ४६८ लावू," ते म्हणाले. "त्याच्या मुलाची मुंज कधी आहे म्हणालात? मेमध्ये? मग त्याआधी अटक झाली पाहिजे. मांडव पडला की माणूस सरळ येतो." मला ते ऐकून जो आनंद झाला, त्याची आठवण आजही शरम आणते. मी मनातल्या मनात मुंजीचा मांडव, जमलेले पाहुणे, दारातली पोलिसांची जीप, सगळं बघितलं. मुंजा मुलगा आठ वर्षांचा होता. माझ्याच मांडीवर खेळलेला.

मसुदा पिशवीत घालून मी तलावपाळीला येऊन बसलो. मासुंदा तलावाच्या काठापासून जवळच सेंट जॉन द बॅप्टिस्टचं जुनं, पोर्तुगीज काळातलं देऊळ आहे. आत गर्दी दिसली म्हणून दारापर्यंत गेलो. पवित्र गुरुवार होता. वेदीपुढे बारा साधी माणसं खुर्च्यांवर एकेक पाय उघडा करून बसली होती, आणि फादर गुडघ्यांवर बसून ते पाय धूत, पुसत होते. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची ही आठवण. यहूदा उठून अंधारात गेला तो त्यानंतर. म्हणजे धुतलेल्या पायांत त्याचेही पाय होते. हा हिशेब दारात उभ्या उभ्या माझा मीच केला, आणि मला तो मुळीच आवडला नाही. मी कल्याणची गाडी पकडून मावशीकडे गेलो, तिने 'टाक तक्रार' म्हणावं अशा इराद्याने.

इथे तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ती कोणी मऊसूत संत वाटेल. क्षमा करा, जुळवून घ्या, असं बायकांना सांगणाऱ्यांचा तिला मनस्वी राग होता. वॉर्डात भाजलेल्या बाया यायच्या, सासरची माणसं 'स्टोव्हचा भडका' म्हणायची, आणि मावशी जबाब घ्यायला आलेल्या पोलिसाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगायची. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं तेव्हा तिने त्याचं कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. चाळीतल्या एका बाईला नवरा मारायचा. तिच्याबरोबर मावशी दोनदा चौकीत गेली आणि साक्षीदार म्हणून तिने आपलं नाव दिलं. नवरा दारूच्या भरात तिच्या दारावर दगड मारून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताला टाके घालायचे होते तर तिनेच त्याला हॉस्पिटलात नेलं. साक्ष मागे घेतली नाही.

ठाण्यातली एक जुनी कथा मी तिला सांगितली होती. १३२१च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ते इथल्या एका ख्रिस्ती घरात उतरले होते. त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं, बायको काझीकडे गेली, काझीने पुरावा मागितला, तिने सांगितलं की घरात परके साधू आहेत, त्यांना विचारा. साक्षीला बोलावलेले ते पुढे धर्माच्या वादात अडकले आणि जिवाला मुकले. सामान राखायला घरी थांबलेला पीटर दोन दिवसांनी सापडला. मावशीला धर्माच्या वादात रस नव्हता. तिने विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं?" मला सांगता आलं नाही, कथा लिहिणाऱ्यांनी ते लिहिलेलं नाही. पहिल्या तिघांच्या मृत्यूची तारीख ९ एप्रिल. माझ्या मसुद्याचीही तीच निघाली. योगायोग आहे, त्यातून मला काही सुचवायचं नाही.

तर त्या रात्री मावशीने मसुदा चष्मा लावून पूर्ण वाचला. "सही त्यानेच केली, नक्की?" नक्की. "मग दावा लाव. पैसे सोडू नकोस."

"आणि फौजदारी?"

"मुंजीच्या आधीच का रे?"

मी काही बोललो नाही.

"त्या चाकराने काय धरलं होतं?" तिने विचारलं. "वही नव्हती धरली. नरडं धरलं होतं. नरडं सोड. वही ठेव."

मी चिडलो. म्हणालो, आज मी गप्प बसलो आणि उद्या त्याने आणखी कोणाला बुडवलं तर? ती म्हणाली, "म्हणूनच वही ठेव म्हणते. दावा उघड्यावर चालू दे, गावाला कळू दे. पण पोराच्या मुंजीत जीप नको." मग तिने मसुदा घडी करून परत दिला आणि म्हणाली, "हे मी सांगते म्हणून करू नकोस. मला उद्या त्याच्या आईकडे जायचंय, तेवढं आधी सांगून ठेवते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मित्राच्या आईच्या पायाला मधुमेहाची जखम झाली होती. घर ठाकुर्लीला. निवृत्त झालेली मावशी आठवड्यातून दोनदा कल्याणहून जाऊन त्या पायाचं ड्रेसिंग करायची. जानेवारीपासून. म्हणजे ज्या दारातून मला परतवलं होतं, त्याच दारातून.

"तू त्याच्या घरी जातेस?"

"मी पायाकडे जाते," ती म्हणाली. "तो घरात असला तर चहा देतो. त्याचा चहा चांगला नसतो."

मी दिवाणी दावा लावला, कल्याण कोर्टात. फौजदारी तक्रार टाकली नाही. पण त्याला क्षमा केली असं समजू नका. मी तीन वर्षं डोंबिवलीत रस्ता बदलून चालत होतो, आणि मावशीशी दोन महिने बोललो नाही. मीही मार खाल्लेला माणूस आहे, माझ्या बाजूला का नाही येत ही, असं वाटायचं. विसरत होतो, की १९८२मध्ये त्या हमाल पोरालाही असंच वाटलं असेल.

१९९९च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. स्टेन्स बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करायचे. त्यांच्या पत्नीने, ग्लॅडिस यांनी, मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि मुलीला घेऊन त्या तिथेच काम करत राहिल्या. आमच्या ऑफिसात यावर दोन तट पडले: एक म्हणत, ही बाई देवमाणूस, दुसरे म्हणत, असं करून गुन्हेगारांना मोकळं रान मिळतं. मावशीने दोघांनाही हात जोडले. तिचं म्हणणं एवढंच, की त्यांनी क्षमा केली, खटला सरकारचा आहे, तो चालेल. चाललाही. २००३मध्ये मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा झाली, आणि पुढे ती जन्मठेपेवर आली. ग्लॅडिस स्टेन्स यांना २००५मध्ये पद्मश्री मिळाली.

हे सगळं मावशी कुठून शिकली, ते मला फार उशिरा कळलं. तिच्या कपाटात बायबलाशेजारी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' असायचं, पानं सुटी झालेलं. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो लक्ष्मीबाईंना न सांगता. त्या काळात बायकोच्या दृष्टीने ही केवढी दगाबाजी! लेकराला घेऊन ती बाई वर्षानुवर्षं नवऱ्यापासून वेगळी राहिली, मग नगरला त्यांच्याकडे गेली, १९००मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. आणि टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' तिनेच पूर्ण केलं. पुस्तकभर ती टिळकांच्या लहरींवर हसते, पण त्यांना सूट काही देत नाही. मावशी म्हणायची, "हिने माफ केलं हे मला पटतं, कारण ही सगळं लक्षात ठेवते."

मावशीचा नवरा रेल्वेत गार्ड होता. तो वारला तेव्हा फॅमिली पेन्शनच्या कागदांसाठी भुसावळहून आणखी एक बाई आली, बरोबर दहा वर्षांचा मुलगा. मावशीने त्या मुलाच्या हिश्शाला हरकत नाही असं लिहून दिलं. मी थक्क होऊन विचारलं तर म्हणाली, "कोर्टात गेले असते तर दहा वर्षं भुसावळला हेलपाटे झाले असते. माझ्या रजा शिल्लक नव्हत्या." इतकंच. त्या मुलाने पुढे तिला दर नाताळला मनीऑर्डर केली, हे मात्र तिने सांगितलं नाही. तिची मुलगी बोलली.

२००३मध्ये माझा दावा लोकअदालतीत मिटला. भागीदाराने १,८०,००० मान्य केले, ५,०००चे ३६ हप्ते ठरले. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. तो माझ्याशेजारी उभा राहून सही करत होता, या वेळी स्वतःची. हात कापत होता. मी पेन धरलं तेव्हा माझाही कापला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सिस्टर आईच्या शेवटच्या दिवशीही आल्या होत्या." मी म्हणालो, "माहीत आहे." आम्ही कोर्टाबाहेर चहा घेतला. पैसे त्याने दिले.

त्याने २२ हप्ते भरले आणि थांबला. धंदा बसला होता. वसुलीची दरखास्त करता आली असती. केली नाही. मावशीला विचारलं नाही. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती. २००९च्या पावसाळ्यात ती गेली. दफनविधीला चाळीतले जुने बरेच लोक आले, हमाली करणारा मुलगाही आला, आता त्याचा टेम्पो आहे. त्यानेच पेटीला खांदा द्यायला मला पुढे ओढलं. महिन्याभराने मावशीच्या मुलीने लाल वही आणून दिली. "आईने सांगितलं होतं, ही खजिनदाराला द्या."

दोन वर्षांपूर्वी त्या मुंजीतल्या मुलाचं लग्न झालं, डोंबिवलीतच. पत्रिका द्यायला बाप स्वतः आला होता. मी सहकुटुंब गेलो, पंगतीत बसून जेवलो, जिलेबी पुन्हा मागून घेतली, आहेराचं पाकीट दिलं. घरी येऊन वही उघडली. त्याच्या नावावर १४ हप्ते, ७०,००० रुपये, अजून येणे आहेत.